सिलिंडरची चावी

आक्का, सोळा दिवस चावी माझ्याकडं होती. आज दुपारी मी ती देऊन टाकली. कुणाला दिली आणि काय बोलले ते सांगते, पण आधी दुसरं सांगू दे.

ही वही स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवून उभ्यानंच लिहिते आहे. चौथीनंतर मी एवढं कधी लिहिलं नाही. तूच म्हणायचीस, "तोंडानं न्हाय तर कागदावर तरी काढ बाई. आत ठिऊन काय लोणचं घालतीस?" मी हसायचे आणि मान हलवायचे.

मला रडू येत नाही. फौंड्रीतल्या आपल्या कोर शॉपमधल्या बायका घरी येऊन रडून गेल्या. मी त्यांना चहा केला. साखर घातली का नाही ते आठवत नाही, कुणी काही म्हणालं नाही. हे दोनदा म्हणाले, "रड जरा, मोकळं वाटंल." मी रडायला बसले आणि डाळीतले खडे काढून उठले.

तुला आठवतं का, कामावरच्या पहिल्या आठवड्यात माझी बोटं सिलिंडरच्या रेग्युलेटरला चिकटली होती? गॅस सोडून सोडून त्याच्यावर पांढरं बर्फ धरलं होतं. मला काय माहीत. मी उघड्या हातानं धरलं. आधी चटका बसला आणि मग काहीच लागेना, बोटं माझी नव्हतीच जणू. तू माझा हात साध्या पाण्यात धरून बसलीस. म्हणालीस, "आत्ता काय बी वाटणार न्हाय. सांजच्याला ठणकंल. ठणकलं की समजायचं, हात जित्ता हाय." संध्याकाळी खरंच ठणकला. आता मी सोळा दिवस ठणकायची वाट बघते आहे.

पहिल्या दिवसाचं तर सगळं आठवतं. तू कोर शॉपची मुकादम. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, पदर कमरेला घट्ट, हातात वाळू ठासायचा दांडका. मला विचारलंस, "नाव काय गं?"

मी सांगितलं.

"आँ?"

मी परत सांगितलं.

"आगं, मला सांगतीस का वाळूला?"

सगळ्या हसल्या. मला वाटलं उद्यापासून यायचं नाही. मग तू माझं मनगट धरून मला वाळूच्या ढिगापाशी नेलंस आणि काम शिकवलंस. वाळूत सिलिकेट कालवायचं. ते काकवीसारखं दाट, हाताला चिकट. कालवलेली वाळू लाकडी पेटीत ठासून भरायची आणि तिच्यात तोटी खुपसून गॅस सोडायचा. सात मोजेपर्यंत वाळूचा दगड होतो. त्याला म्हणायचं कोर. पंपाच्या पोटात, इंजिनाच्या पोटात जिथं पोकळी पाहिजे तिथं तो कोर ठेवून वरून लोखंड ओततात. लोखंड थंड झालं की वाळू फोडून काढायची. तू म्हणालीस, "लोखंड बाप्ये वततात. पोकळी आपण करतो. पोकळी न्हाय तर पंप न्हाय, नुस्ता धोंडा."

आणि गॅस कसला, तर आपण सोड्यात पितो तोच. "सोड्यात घातला की ढेकर येतोय, वाळूत घातला की धोंडा हुतोय, पलीकडं वेल्डिंगात घातला की सांधा बसतोय, हापिसातल्या त्या तांबड्या नळकांड्यात भरला की आग इझतीया. लई कामाचा हाय. पर त्याला लाड चालत न्हाईत."

तू गॅस सोडताना कानडीत मोजायचीस. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु. तुझं माहेर गडहिंग्लजच्या पलीकडचं. मी एकदा विचारलं होतं, मराठीत का नाही मोजत? तू म्हणालीस, "मराठीत मोजलं की मी घाई करतो. कानडीत माझी आई मोजतीया असं वाटतंय." कमी मोजलं तर कोर कच्चा राहतो. जास्त मोजलं तर पांढरा पडून ठिसूळ होतो, बोटानं चुरा. सातच मोजायचे. आक्का, मला कानडी सातपर्यंतच येतं. त्याच्या पुढं तू कधी शिकवलं नाहीस आणि लागलंही नाही.

तुझे नियम मला पाठ आहेत. सिलिंडर उभाच ठेवायचा, साखळीनं बांधून. आडवा टाकायचा नाही, घरंगळत न्यायचा नाही. "आडवा सिलिंडर आन् पिऊन पडलेला नवरा, कवा लाथ घालंल सांगता येत न्हाय." उन्हात ठेवायचा नाही. वापरत नसला की डोक्यावर टोपण. बर्फ धरलं तर साध्या पाण्याचं पोतं गुंडाळायचं, आग दाखवायची नाही. काट्यावर विश्वास ठेवायचा नाही, कारण आत गॅस पाण्यासारखा असतो आणि संपत येईपर्यंत काटा हलत नाही, मग एकदम पडतो. आणि चावी. सिलिंडर उघडायची-मिटायची चावी त्याच्या गळ्यातच, सुतळीनं बांधलेली. ती कुणालाही द्यायची नाही. "मोठ्या सायबानं मागितली तरी न्हाय. चावी गेली की सिलिंडर उघडा ऱ्हातोय. मग काय तोंडानं बुच लावणार हाईस?"

सगळ्यात मोठा नियम खड्ड्याचा. मोठा साचा असला की तो जमिनीतल्या खड्ड्यात करतात. माणूस उभं राहिलं तर डोकं वर दिसणार नाही एवढा खोल. त्यात शिडीनं उतरायचं आणि साच्यात गॅस सोडायचा. पहिल्यांदा मला तिथं नेलंस तेव्हा खाली बोट दाखवून म्हणालीस, "ह्यो गॅस हवेपरास जड. पाण्यागत खाली बसतोय. पर पाणी दिसतंय. ह्यो दिसत न्हाय, वास न्हाय. आत गेलं की दोन श्वासात माणूस बसतंय, आन् बसलं की उठत न्हाय."

म्हणून खड्ड्यावर ब्लोअर लावून खालची हवा वर फेकायची. म्हणून तारेला बांधलेल्या डब्यात पणती लावून खाली सोडायची. पणती विझली तर उतरायचंच नाही. पेटती राहिली तरी तुला भरवसा नसायचा. "दिव्याआधी माणूस बी जातंय," म्हणायचीस आणि ब्लोअर तसाच चालू ठेवायचीस. हवा तपासायचं यंत्र साहेबांच्या कपाटात होतं, पेटीसकट. ते कधी बाहेर आलेलं आपण पाहिलं नाही.

आणि म्हणून ते ओरडणं. सिलिंडर मिटणाऱ्या बाईनं "बंद!" म्हणून आवाज द्यायचा. दुसरीनं "बंद!" म्हणून उत्तर द्यायचं. उत्तर आल्याशिवाय पहिलीनं जागा सोडायची नाही. साऱ्या फौंड्रीत आपल्या दोघींचंच असं होतं, बाप्ये हसायचे. तू म्हणायचीस, "हसू देत. मी म्हातारी हुईस्तोर जगणार हाय."

आक्का, मी कितींदा आवाज दिला? मी मान हलवायचे. तू कानामागं हात धरून उभी राहायचीस. "मान नगं. मानंला काय ऐकू येतंय? तोंडानं." मग मी पुटपुटायचे. तू म्हणायचीस, "ह्याला आवाज म्हणत्यात व्हय? चिमणी पादली." सगळ्या हसायच्या, मीही. कधी तू दमलेली असायचीस, तेव्हा माझ्या मानेवर भागवायचीस. चौदा वर्षांत हळूहळू ते वाढत गेलं. तुला माझी सवय झाली. हे मी तुला दोष द्यायला लिहीत नाही. माझी मान तुला पुरायला लागली आणि मला ते आवडायचं, म्हणून लिहिते.

माझं सगळं बोलणं तूच बोललीस. रेशनच्या दुकानात तू. दवाखान्यात माझं पोट दुखतंय हे डॉक्टरला सांगितलं तू. सासूबाईंनी मला काम सोडायला सांगितलं तेव्हा तू दारात येऊन म्हणालीस, "मावशी, सून चोरून घिऊन जायाला आलो न्हाय, कामाला न्यायला आलो हाय." सासूबाईंनी तुला चहा दिला. पगाराच्या दिवशी स्टँडजवळ गोटी सोडा प्यायचो. तू गोटी अंगठ्यानं खटकन दाबायचीस आणि भर रस्त्यात एवढा मोठा ढेकर द्यायचीस की माणसं वळून बघायची. मी पदरात तोंड लपवायचे. "ढेकर माझा, आन् लाज तुला? त्यो बी वाटून घितीस?" परवा मी त्या सोड्याच्या गाड्यावर गेले. सोडेवाल्यानं दोन बाटल्या काढल्या. मी एकीकडं बोट दाखवलं. त्यानं एक परत ठेवली.

आपलं भांडण अर्धंच राहिलं. तुझी नोकरी महिन्यात संपणार होती. तू साहेबांना सांगून आलीस, पुढची मुकादम ही. मला न विचारता. मी घाबरले. मुकादम म्हणजे दिवसभर ओरडायचं, बाप्यांशी वाद घालायचा. मी म्हणाले, "मला न्हाय जमणार." तू म्हणालीस, "जमतंय की." मी म्हणाले, "मला विचारायचं तरी." आणि त्यानंतर दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तसं मी बोलतच नाही, पण तू ओळखलंस. दुसऱ्या दिवशी तू डब्यात माझ्यासाठी शेंगाची पोळी आणलीस. मी नको म्हणून मान हलवली. तू ती परत फडक्यात बांधलीस.

तो दिवस तिसरा.

सकाळपासून गडबड होती, पुण्याहून पाहुणे येणार होते, मोठं काम देणारे. साहेब दोनदा फिरून गेले. पणतीचा डबा बघून म्हणाले, "आक्का, ते दिवाबिवा काढा आज. लोक म्हणतील हे काय जत्रा लावलीय." तू म्हणालीस, "साहेब, यंत्र द्या की मग." ते हसले. पणती काढली. पाहुणे आत आले तेव्हा वाळू उडते म्हणून ब्लोअरही बंद करायला लावला. तू मला हळूच म्हणालीस, "दिवा न्हाय, वारा न्हाय. आज सिलिंडर चांगला मीट हां." तोवर तीन दिवसांतलं आपलं तेवढंच बोलणं. मी मान हलवली.

जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी वेल्डिंगचा राजू आला. त्यांच्याकडच्या चावीचं तोंड झिजलं होतं. म्हणाला, "वैनी, पाच मिंटं चावी द्या, लगेच आणतो." तू खाली खड्ड्यात होतीस. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. तुझा नियम मला पाठ होता. पण पाहुणे समोर उभे होते, साहेब उभे होते, आणि राजू हात पुढं करून हसत होता. मी सुतळी सोडून चावी त्याला दिली. आक्का, त्यानं ओढून नेली नाही. मी दिली.

भोंगा वाजला. तू वर आलीस, तोटी साच्यापाशीच ठेवून. चावी आली नव्हती. सिलिंडर उघडाच होता. वेल्डिंगमध्ये जाऊन चावी मागायची तर तिथं दहा-बारा बाप्ये जेवायला बसलेले. मी गेले की कुणीतरी हमखास म्हणतं, "वैनी आज बोलणार वाटतं." मी गेले नाही. नळीवरचा छोटा कॉक दाबून फिरवला आणि मनात म्हटलं, एवढं बास. त्या कॉकच्या तोंडात बर्फाचा कण अडकला असणार. तो पुरता बसला नाही. बाहेर भट्टीचा आवाज, फस्स ऐकू येण्यासारखं नव्हतं. आपण आपापल्या जागी जेवलो. तू अधूनमधून माझ्याकडं बघत होतीस. फडक्यात शेंगाची पोळी होती, ती तू उघडली नाहीस.

सुट्टी संपली. तू शिडीवर पाय ठेवलास आणि मला विचारलंस, "सिलिंडर मिटलास न्हवं?"

मी मान हलवली.

रागानं हलवली, लाजेनं हलवली, का नुसती सवयीनं, ते मी सोळा दिवस शोधते आहे. एवढं खरं की तू त्या दिवशी कानामागं हात धरला नाहीस. रुसलेल्या माणसाला कशाला छळायचं, असं तुला वाटलं असेल. तू उतरलीस.

तू तोटी उचलायला वाकलीस. मग हळूच खाली बसलीस, दमून बसावं तशी. पाठ साच्याला टेकली. मला वाटलं, तू बसलीस. मी वरून बघत होते आणि मनात आपोआप मोजत होते. ओंदु, एरडु, मूरु. सात झाले. तू उठली नाहीस. तेव्हा मला कळलं.

मला ओरडता आलं नाही. तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. मी तुझा ठासायचा दांडका घेतला आणि लोखंडी पत्र्यावर बडवायला लागले. माणसं धावली. राजू सगळ्यात पुढं होता. तो शिडीवर पाय टाकणार तोच मी मागून त्याचा शर्ट धरला. परक्या माणसाला आयुष्यात हात लावला नव्हता, पण तुझं वाक्य डोक्यात होतं. "खाली कोण पडलं तर मागनं उतरायचं न्हाय. एकाचं दोन हुत्यात." राजू शिव्या देत होता, शर्ट फाटला, मी सोडला नाही. कुणीतरी ब्लोअर चालू केला. मग दोर लावून, आकडा लावून तुला वर घेतलं. मला तुझा चेहरा दाखवला नाही. दवाखान्यातून तासाभरात निरोप आला.

त्या गडबडीत राजूनं चावी माझ्या हातात कोंबली. म्हणाला, "वैनी, माझं नाव सांगू नगा. पोरं ल्हान हाईत." मी काय केलं असेल, तुला माहीत आहे. मान हलवली. चावी पिठाच्या डब्यात ठेवली. रोज भाकरीचं पीठ काढताना हाताला लागायची.

तुला पुरायला नेलं तेव्हा मीही आले होते. तुम्हा लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात हे मला माहीत होतं, पण पाहिलं नव्हतं. तुला भस्म लावलं, बेलाची पानं घातली, हातात लिंग दिलं. तू तशीच बसली होतीस, पाठ टेकून, जशी त्या साच्याला. खड्डा खोल होता. दोन माणसं तुला धरायला आत उतरली आणि माझ्या तोंडात शब्द आला, आधी पणती सोडा. आक्का, मी तोंडात आलेला तो शब्दही गिळला. सगळे माती टाकत होते, मी पण टाकली.

मग कंपनीचा कागद आला. कामगार महिलेनं सिलिंडर बंद केला नाही, स्वतःच्या निष्काळजीपणामुळं मृत्यू. तुझी गौरी तो कागद घेऊन माझ्याकडं आली. तिचे डोळे कोरडे होते, माझ्यासारखेच. तिनं कागद वाचून दाखवला आणि विचारलं, "मावशी, आई असं करंल व्हय? घरात गॅसची शेगडी तीनदा बघायची ती. तुमी तिथं हुता. आईनं खरंच उघडा ठेवला?"

मी मान हलवली. हो म्हणून का नाही म्हणून, मला सांगता येणार नाही. मधलीच कुठलीतरी हलवली. तिला काय समजलं ते तिनं सांगितलं नाही. कागदाची घडी घालून ती गेली. तिच्या मागं उंबऱ्यात उभी असताना मला समजलं, तुझ्या आयुष्यभराचे सगळे नियम तिच्यासाठी खोटे झाले. आणि ते खोटे करणारी मान माझी होती.

आज सरकारी अधिकारी जबाब घ्यायला येणार होते. सकाळी सुपरवायझर मला बाजूला घेऊन म्हणाले, "वैनी, तुमी काय बोलायचं न्हाय. ते सरकारी साहेब विचारतील, आक्कांचंच काम हुतं न्हवं? तुमी फक्त मान हलवायची. तुमाला बोलायला येत न्हाय हे सगळ्यांस्नी ठावं हाय. कोण तरास देणार न्हाय." त्यांच्या बोलण्यात मायाही होती. चौदा वर्षांत ते माझ्याशी एवढं कधी बोलले नव्हते.

घरातून निघताना मी पिठातून चावी काढली होती. धुतली, पदराच्या टोकाला बांधली.

ऑफिसात टेबलाच्या पलीकडं अधिकारी, बाजूला साहेब, दारापाशी सुपरवायझर. गौरीलाही बोलावलं होतं. ती भिंतीला लागून बसली होती. अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. "मावशी, बसा. घाबरू नका. सिलिंडर बंद करायचं काम मयत बाईंचं होतं, बरोबर?"

आक्का, माझी मान हलायला लागली. खरं सांगते. मी ठरवून आले होते, तरी ती आपोआप खाली निघाली. मी हनुवटीखाली हात धरला. सगळे बघत होते. हात तसाच धरून मी म्हणाले, "न्हाय."

"काय?"

"मी मिटायचा होता. मी मिटला नाही."

"मोठ्यानं बोला बाई. मला ऐकू येईना."

तू म्हणायचीस तेच ते म्हणाले. मी उभी राहिले. म्हणाले, "सिलिंडर मी मिटायचा होता. चावी मी दुसऱ्याला दिली होती. परत मागायला गेले नाही. आक्कानं उतरायच्या आधी मला विचारलं. मी मान हलवली. तिची चूक नाही." तेवढ्यावर थांबले नाही. तोंड उघडलंच होतं. "दिवा काढायला लावला होता. ब्लोअर बंद करायला लावला होता. यंत्र कपाटात आहे. अजून पेटीतच आहे, बघा." पदराची गाठ सुटेना. दातानं सोडली आणि चावी टेबलावर ठेवली.

साहेब काहीतरी बोलायला लागले. अधिकाऱ्यांनी हात वर केला. मला विचारलं, "चावी कुणाला दिली होती?" राजूची पोरं डोळ्यांपुढं आली. दाराबाहेर तो उभा होता हे मला माहीत नव्हतं. तो आत आला आणि म्हणाला, "मला." मग त्यानं तोंडावर हात घेतला. त्याच्या शर्टाला पाठीवर ठिगळ होतं, मी फाडला तोच.

पुढं काय होईल मला माहीत नाही. माझं काम जाईल. आणखीही काही होईल. ह्यांना घरी आल्यावर सांगितलं. त्यांनी हातातला डबा ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "एवढं सगळं तू बोललीस?"

गौरी बाहेर नळापाशी थांबली होती. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. वाटलं, ती मारेल, शिव्या देईल. तिनं विचारलं, "लई तरास झाला आईला?"

"न्हाय," मी म्हणाले. "सात मोजेपर्यंत."

"कानडीत?"

"व्हय."

ती खाली बसली आणि रडायला लागली. तुझ्यासारखीच रडते, मोठ्यानं, माणसं वळून बघतील असं. मी तिच्याजवळ बसले. तिनं माझा हात बाजूला केला. बरोबरच आहे. मी तिथंच बसून राहिले. मग ती उठून गेली, माझ्याकडं न बघता.

मुकादम व्हायचं आपलं भांडण आता संपलं. ती जागा मला कोण देणार. तू जिंकलीस का मी, ते तूच ठरव.

घरी येऊन भात टाकला. शिजला. सवयीनं शेगडी बंद केली, मग वाकून खालच्या सिलिंडरचा खटका फिरवला. आणि तोंडातून निघालं, "बंद!" मोठ्यानं. अंगणात ऐकू जाईल एवढं. बाहेरून हे म्हणाले, "काय गं, कुणाशी बोलतीस?"

मी वही ओढून घेतली आणि लिहायला लागले. भात गार झाला असेल. बोटं ठणकायला लागली आहेत, एवढं लिहून असेल. दुसरीनं "बंद" म्हटल्याशिवाय पहिलीनं जागा सोडायची नाही, असा तुझा नियम आहे. आक्का, मी अजून ओट्यापाशीच उभी आहे.